बंडीच्या उंचीचं वाचनालय

मंडळी, बाहेरगावचा पाहुणा आपलं वाचनालय पाहायला आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "इमारत कितीला पडली?" विटा-सिमेंटचा हिशोब कमिटीतलं कोणीही सांगेल. खरी कितीला पडली ते मी सांगतो. एका माणसाचा गळा गेला. त्याच माणसाची यवतमाळची बढती गेली. आणि समोर बसलेल्या सुलोचनावहिनींचा अर्धा जन्म रात्रीचं ताट झाकून वाट पाहण्यात गेला. एवढ्याला पडली. विटा-सिमेंट त्यापुढे स्वस्तच म्हणायचं.

तो माणूस, आपले दिवाकरराव मनवर, तुमचे-माझे मनवर साहेब, परवा गेले. म्हणून आपण जमलो आहोत. डेपोतले ड्रायव्हर-कंडक्टर आलेत. बोरी अरबकडची मंडळी आलीत. अभ्यासिकेतल्या पोरी आल्यात. करीम मिस्त्रींना त्यांच्या सुनेनं हात धरून आणलंय. गावातली एवढी तऱ्हेतऱ्हेची माणसं एका सतरंजीवर मी तरी लग्नात पाहिली नाहीत, आणि सतरंज्या मीच घालतो.

मला बोलायला जड जातंय. तुम्ही मला ओळखता. गजू माइकवाला. या गावात झालेल्या बहुतेक शोकसभांना मी हजर होतो, पण मागे, मशीनजवळ. तिथं बसून बसून माणसाचा कान तयार होतो. कोणाचा हुंदका खरा आणि कोणाचा येत्या निवडणुकीचा, ते मला वायरीतून कळतं. आज पहिल्यांदा मी मशीनच्या या बाजूला उभा आहे. 

वहिनी, मी रडणार नाही. साहेबांचा हिशोब रडण्याचा नाहीच. मिरवण्याचा आहे. म्हणून आज मी मिरवणार आहे.

साहेब एसटी स्टँडवर कंट्रोलर होते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ज्यांनी त्यांचा जुना आवाज ऐकला नाही अशी पोरंही आज इथं आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. तो आवाज म्हणजे रिकाम्या रांजणात हाक मारावी तसा होता. "प्रवाशांनी लक्ष द्यावे" म्हटलं की मूगवड्या तळणाराही झारा थांबवायचा. त्या दिवसांत मी दुसऱ्याच्या दुकानात कामाला होतो, सायकलला कर्णा बांधून गावोगाव जायचो. एकदा स्टँडचा भोंगा बिघडला म्हणून मला धाडलं. साहेब टेबलावर हात आपटून म्हणाले, "काय झालं रे याले? मी सांगून राह्यलो दारव्हा, अन् लोकं पुसदच्या गाडीत जाऊन बसून राह्यले."

मी कान लावला. एक तार सुटली होती. जोडली. साहेबांनी बोलून पाहिलं आणि खूश झाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "वाचतो का रे काही?"

मी म्हटलं, "सातवी नापास आहे साहेब."

"मी ते नाई विचारलं. वाचतो का, विचारलं."

मंडळी, मला असं कोणी विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी ते मला वाचनालयात घेऊन गेले.

वाचनालय तेव्हा कुठं होतं? जिनिंगच्या आवारात, दिवाणजीच्या जुन्या खोलीत. ती आपली पहिली इमारत. जिनाच्या म्हाताऱ्या शेठजींनी खोली दिली होती, भाडं कधी मागितलं नाही. हंगामात शेजारी मशीन सुरू असायची. कापसाचे तंतू हवेत तरंगायचे आणि पुस्तकांवर बसायचे. पान उलटायच्या आधी फुंकर मारायची, नाहीतर शिंक आलीच समजा. आपली जुनी माणसं अजूनही पुस्तक उघडलं की फुंकर मारतात. कापूस कधीचा गेला, फुंकर राहिली. परक्या गावात कोणी पुस्तकावर फुंकर मारताना दिसलं तर खुशाल विचारा, तो आपल्या गावचाच निघेल.

तिथं एक चिटणीस होते. त्यांची बदली झाली. कामाला कोणी हो म्हणेना. साहेबांनी हो म्हटलं. वहिनींना घरी जाऊन सांगितलं, "वर्षभर पाहून घेतो." वहिनी, ते वर्ष काही संपलं नाही.

मग कापसाचे दिवस फिरले. जिनं एकेक करून थंड पडायला लागली. शेठजी गेले, आणि पुढच्यांनी आवार विकलं. प्लॉट पाडायचे ठरले. एक मुनीम आला, दारात उभा राहून म्हणाला, "उठा. उद्या कुलूप लागते." आत म्हातारी माणसं पेपर वाचत होती. पेपरची घडी घालून, पायात वहाणा सरकवून, एकेक जण उठला. कोणी भांडलं नाही. साहेबांना त्याचाच जास्त राग आला होता.

दुसरी इमारत, जकात नाका. इमारत म्हणतो तो माझा मोठेपणा समजा. जकात बंद झाली, नाका रिकामा पडला, साहेबांनी नगरपरिषदेत खेटे घालून तो मिळवला. आतल्या माणसाला बाहेर यायचं असेल तर दारातल्यानं आधी बाहेर यावं लागायचं. ट्रकवाले जुन्या सवयीनं थांबायचे, खिडकीतून हात घालून म्हणायचे, "पावती." साहेब त्या हातात पेपर ठेवायचे. "हा वाच. जकात माफ."

मग रस्ता रुंद करायचा ठरला. पुन्हा कोणीतरी दारात आलं. "उठा."

तिसरी इमारत तुम्हाला माहीत आहे. माझं गोदाम. तोवर मी माझं स्वतःचं दुकान टाकलं होतं. मंडप, बिछायत, भांडी, माइक. साहेब एक दिवस आले, चहा घेतला आणि म्हणाले, "गजू, तुझ्या सतरंज्या लय जागा खातात नाई रे?"

मी म्हटलं, "साहेब, सरळ मागा ना."

अशी पुस्तकं माझ्या पातेल्यांच्या शेजारी राहायला आली. महागावच्या एका लग्नात वाढपाच्या भांड्यांची म्हणून पेटी उघडली, तर आत कादंबऱ्या. नवरदेव येईस्तोवर वऱ्हाडानं वाटून घेतल्या. नवरीचा मामा तर मंगलाष्टकं संपली तरी मान वर करेना. सगळ्या काही परत आल्या नाहीत. मी घाबरत साहेबांना सांगितलं. ते म्हणतात, "मंग काय झालं? महागावले आपली शाखा निघाली."

पण गोदाम ते गोदाम. लग्नसराईत माझी पोरं सामान काढायला यायची आणि वाचणाऱ्यांना बाहेर व्हावं लागायचं. एकदा भर दुपारी साहेब आले. गोदामासमोर, रस्त्याच्या कडेला, एक पोरगी उभी. हातात परीक्षेचं पुस्तक, पानात बोट घातलेलं. आतून मंडपाच्या लाकडी बल्ल्या निघत होत्या आणि ती त्या संपायची वाट पाहत होती. साहेबांनी तिला पाहिलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "गजू, जिनात झालं. नाक्यावर झालं. आता तुझ्याही इथं झालं. वाचणाऱ्या माणसाले कोणी ना कोणी उठवतेच. मले अशी जागा पायजे, जिथं कोणी कोणाले 'उठा' म्हणणार नाई. एवढंच पायजे. दुसरं काही नाई."

मंडळी, या माणसाला त्याच्या लहानपणी कुठल्या कुठल्या ओट्यावरून "ऊठ" म्हटलं गेलं होतं, ते त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. एकदाच. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही. पण त्या दुपारी ते काय मागत होते ते मला बरोबर ऐकू आलं. माझा कान त्यासाठीच आहे.

नगरपरिषदेनं जागा दिली. कारण ती कोणालाच नको होती. सरकारी कापूस खरेदी केंद्राला लागून, नाल्याच्या अंगाला, काळ्या मातीचा खोलगट तुकडा. पावसाळ्यात तिथं म्हशी बसायच्या. साहेब म्हणाले, "म्हशीले कोणी उठवत नाई, म्हणजे जागा चांगली हाय."

जागा झाली. बांधायचं कशानं?

त्या वर्षी व्यापाऱ्यांनी भाव पाडले आणि सगळा कापूस सरकारी केंद्राकडे वळला. तुमच्यातल्या कितीकांनी ती रांग काढली असेल. केंद्रापासून थेट स्टँडपर्यंत बैलांच्या बंड्याच बंड्या. नंबर लागायला दिवस जायचे. लोक बंडीखालीच स्वयंपाक करायचे, बंडीखालीच झोपायचे. बैल रवंथ करायचे आणि माणसं एकमेकांचं तोंड बघायची. साहेब ड्यूटी संपवून त्या रांगेच्या कडेनं घरी जायचे. एक दिवस मला म्हणाले, "गजू, एवढी माणसं रिकामी बसून राह्यली. यायले काही वाचून दाखवलं तं?"

मी बॅटरीवरचं मशीन आणलं. दोन कर्णे लिंबाला बांधले. साहेब एका पालथ्या टोपल्यावर बसले आणि वाचायला लागले. आधी पेपर, मग गोष्टी, मग एक लांबलचक कादंबरी, रोज थोडी थोडी. आणि तो आवाज! ज्या आवाजात लोकांनी जन्मभर गाड्यांच्या वेळा ऐकल्या, त्या आवाजात कोणी कोणाच्या प्रेमात पडतंय, कोणाचा खून होतोय. पहिल्या दिवशी लोक हसले. तिसऱ्या दिवशी कोणी खोकलं तर शेजारी त्याला गप्प करत होते.

एकदा तर काय झालं. बोरी अरबचे उत्तमराव, ते बघा तिथं बसलेत, त्यांचा नंबर लागला. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर ओरडतोय, "ओ काका, बंडी पुढं घ्या!" आणि कादंबरीत सासू आपल्या सुनेला घराबाहेर काढतेय. उत्तमराव बंडीवरून हलेनात.

"थांब रे जरा. त्या पोरीचं काय होते पाहू दे."

ग्रेडर म्हणाला, "काका, नंबर जाईन तुमचा!"

"जाऊ दे. नंबर उद्याही लागते. सून आजच निघून राह्यली."

मागच्या बंड्यांनी आरडाओरडा करायला हवा होता. पण मागच्यांनाही तेच ऐकायचं होतं. शेवटी नियम करावा लागला, रांग पुढं सरकली की वाचन थांबणार आणि सगळ्या बंड्या उभ्या राहिल्या की पुन्हा सुरू होणार. कापसाच्या केंद्रावर गोष्टीसाठी रांग थांबवणारं गाव दुसरं कुठलं दाखवा मला. आहे का?

आणि ते उत्तमरावच, नंबर लागला तेव्हा बंडीतून ओंजळ भरून कापूस काढून साहेबांपुढं घेऊन आले. "घ्या. फुकट ऐकायची सवय नाई आपल्याले."

साहेब म्हणाले, "अहो, हे कायले?"

"देवाले मूठ काढतो, गाईले मूठ काढतो. गोष्टीले काहून नाई?"

तिथून मूठ सुरू झाली. काट्यावर जायच्या आधी एक मूठ कापूस वाचनालयाच्या बोऱ्यात. कोणी मागत नव्हतं. बोरा नुसता उभा असायचा. माझ्या मशीनशेजारीच असायचा, म्हणून त्यात पडणारी मूठ मला ऐकू यायची. कापसाला आवाज नसतो असं तुम्हाला वाटतं. असतो.

त्या मुठींवर पाया निघाला. भिंती निघाल्या. आणि बांधायला कोण? करीम मिस्त्री. जन्मभर मिस्त्रींनी जिनांची गोदामं बांधली होती. दुसरं काही बांधलंच नव्हतं. साहेबांनी सांगितलं, "मिस्त्री, जोतं चांगलं घ्या, जागा खोलगट हाय." आणि ते ड्यूटीवर गेले. काही दिवसांनी येऊन बघतात तर जोतं त्यांच्या कमरेच्या वर! गोदामाचं जोतं बंडीच्या साटीएवढं, म्हणजे माल ठेवायच्या फळ्यांएवढं उंच असतं, बंडी मागे लावली की कापसाची गाठ सरळ आत ढकलता यावी म्हणून. मिस्त्रींनी मोजूनमापून तसंच बांधलं. आणि पायऱ्या नाहीत.

साहेब म्हणाले, "मिस्त्री, पायऱ्या?"

मिस्त्री म्हणाले, "साब, गोदाम को कब्बी पायऱ्या रहते क्या?"

"अहो, वाचनालय हाय हे!"

"तो पुस्तकं भी तो गाठीच्या गाठीच येतील ना!"

हसा मिस्त्री, हसा. तुमच्याच तोंडचं वाक्य आहे.

मग दुसरं वर्ष उजाडलं. मंडळी, त्या वर्षाबद्दल मी जास्त बोलणार नाही. बोंडअळी आली, पाऊस नको तेव्हा आला, आणि गावोगाव काय काय झालं ते तुम्हाला माझ्याकडून ऐकायची गरज नाही. एवढंच सांगतो, त्या वर्षी माझा माइक लग्नाला कमी गेला आणि अशा सभांना जास्त. केंद्रावर रांग उरली नाही. तुरळक बंड्या यायच्या, त्याही अर्ध्या रिकाम्या. साहेब तरी रोज जाऊन वाचायचे. आणि एका संध्याकाळी त्यांनी बोऱ्याचं तोंड सुतळीनं बांधून टाकलं.

"आजपासून मूठ बंद," म्हणाले. "ज्याच्या बंडीचं लाकूड दिसून राह्यलं, त्याची मूठ आपण घेणार नाई."

भिंती उभ्या होत्या, वर आभाळ होतं. आणि नेमका तेव्हाच एक मोठा माणूस आला. नाव घेत नाही, आता ते हयात नाहीत. म्हणाले, स्लॅब मी टाकून देतो. वडिलांचं नाव द्या, आणि हॉल वर्षातून काही दिवस माझ्या कामाला द्या. बैठका असतात, लग्नं असतात. कमिटी खूश! अहो, का होणार नाही? छप्पर मिळत होतं. सगळ्यांनी माना हलवल्या. साहेबांनी एकट्यानं हलवली नाही. मग हळूच म्हणाले, "नावाची हरकत नाई. वडलाचं द्या, आजाचं द्या. पण तुमच्या कामाच्या दिवशी आत कोणी पोरगी वाचत बसली असन, तिले काय सांगायचं?"

ते गृहस्थ हसून म्हणाले, "सांगायचं काय? थोडा वेळ ऊठ म्हणायचं."

साहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "मंग नाई जमत साहेब."

कमिटीत वाद झाला. मोठा वाद. कोणी म्हणालं, आडमुठेपणा आहे. कोणी म्हणालं, यांना वाचनालय करायचंय की रुसून बसायचंय? एकानं तर तोंडावर सांगितलं, "मनवर, तुम्हाला यवतमाळला बढतीवर जायची ऑर्डर आलीय, ती सोडून तुम्ही या बिनछपराच्या भिंती राखत बसलात, म्हणजे डोकं ठिकाणावर आहे ना?" साहेबांनी ती बढती खरंच नाकारली होती. वहिनींना विचारून नाकारली होती, हे मला नंतर कळलं. मी वहिनींना म्हटलं, तुम्ही हो कशाला म्हणालात? तर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, नवरा यवतमाळले न्यायचा अन् त्याचा जीव इथं ठेवायचा, मंग दोन चुली कशा पेटवू मी?"

तो उन्हाळा असाच गेला असता. पण एका सकाळी मी दुकान उघडतोय, तर रस्त्यानं बंड्या येताना दिसल्या. मला वाटलं, आता कसला कापूस? कापूस नव्हता. पऱ्हाट्या होत्या. शेतातून उपटून काढलेल्या, वाळलेल्या कापसाच्या काड्या, भारेच्या भारे. पुढच्या बंडीवर उत्तमराव. केंद्राच्या बाजूला वळले आणि आपल्या भिंतींशी बंडी लावली. मी धावत जाऊन साहेबांना स्टँडवरून घेऊन आलो.

साहेब म्हणाले, "उत्तमराव, मी मूठ बंद केली हाय."

उत्तमराव म्हणाले, "मूठ बंद केली ना तुमी? भारा कुठं बंद केला?"

 त्या वर्षी ज्या माणसांकडे द्यायला काही उरलं नव्हतं, त्यांनी चुलीत घालायचं सरपण आपल्या डोक्यावर छप्पर म्हणून घातलं. बायांनी काड्या जुळवून बांधल्या, माणसांनी बल्ल्या टाकल्या. बल्ल्या माझ्या. ते मी सांगणारच. वरून माती थापली, वरून माझी जुनी ताडपत्री. आणि वाचनालय उघडलं.

उद्घाटनाला पाहुणे आले आणि जोत्यापुढं उभे राहिले. चढणार कसे? पायऱ्या अजून झालेल्या नव्हत्या. उत्तमरावांनी बंडी मागे घेऊन जोत्याला लावली. पाहुणे आधी बंडीत चढले, बंडीतून वाचनालयात गेले. मग गावातला प्रत्येक माणूस तसाच गेला. म्हातारे, पोरं, डोक्यावरचा पदर सांभाळत बाया. आपल्या वाचनालयात पहिल्या दिवशी पायानं कोणी आत गेलं नाही, सगळे बंडीतून गेले. असं उद्घाटन यवतमाळात झालं नाही, नागपुरात झालं नाही.

पुढं पऱ्हाट्यांच्या जागी टिन आलं, टिनाच्या जागी स्लॅब आला. कोणाच्या मेहरबानीनं नाही. जसजसे दिवस बरे झाले, तसतसं लोकांनीच केलं. पायऱ्याही झाल्या. आणि ज्या जोत्यावर अख्खं गाव हसलं, त्याचं काय झालं? नाल्याला पूर आला ती रात्र आठवा. बाजारओळीत पाणी, माझ्या दुकानात पाणी, चांगल्या चांगल्या बंगल्यांत चिखल. सकाळी आपण सगळे इकडे धावलो, पुस्तकं वाहून गेली असतील म्हणून. पाणी जोत्याच्या कडेला येऊन थांबलं होतं. एक पान भिजलं नव्हतं! त्या दिवसापासून मी येणाऱ्या-जाणाऱ्याला छाती काढून सांगतो, या तालुक्यात आमच्या वाचनालयाएवढं शहाणं जोतं कोणाचं नाही. करीम मिस्त्री चुकले आणि तालुक्यातला सगळ्यात हुशार इंजिनिअर ठरले. आजही सांगतो. उद्याही सांगीन.

गळ्याचं सांगायचं राहिलं. धुळीत, कापसाच्या तंतूंत, वर्षानुवर्षं रोज वाचायचं म्हणजे काय होणार? यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, आवाज जपा. साहेबांनी जपला नाही. शेवटी त्या रांजणातून नुसती घरघर यायला लागली. स्टँडवर त्यांच्या जागी दुसरा माणूस बोलायला लागला. पण त्याआधी त्यांनी वाचनालयाला एक रीत लावून दिली होती. संध्याकाळी बंद करायची वेळ झाली की आत बसलेल्यांना काय सांगायचं? "उठा" तर म्हणायचं नाही. मग साहेब दारात उभे राहून स्टँडवरच्या थाटात म्हणायचे, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. बोरी अरबकडे जाणारी शेवटची गाडी लागलेली आहे." पोरं हसायची, पुस्तकं मिटायची आणि आपणहून निघायची. अजूनही तसंच चालतं. आता ते अभ्यासिकेतली एखादी पोरगी म्हणते. जिची पाळी असेल ती म्हणते. आणि ज्यांची बोरीला जायची गाडी नसते, जे इथंच पलीकडच्या गल्लीत राहतात, तेही उठतात.

मंडळी, ही इमारत उघडल्यापासून आजपर्यंत तिच्या आत कोणी कोणाला उठवलेलं नाही. कलेक्टर आले तेव्हा नाही, मंत्री आले तेव्हा नाही. मंत्र्यांचं भाषण बाहेर झालं आणि आत एक पोरगी गणितं सोडवत बसली होती. माइक माझा होता, म्हणून आवाज जरा कमीच ठेवला. साहेबांनी मला डोळ्यानं खूण केली होती. जगात अशा किती जागा असतील? मला माहीत नाहीत. एक माहीत आहे. ती आपली आहे. आणि ती एका माणसानं हट्टानं आपल्याला मिळवून दिली.

साहेब, तुमच्यापुढं बोलायची माझी लायकी नव्हती. तुम्ही विचारलं होतं, वाचतो का रे. थोडंफार वाचलं साहेब, पण जास्त ऐकलं. तुमचंच ऐकलं. जय भीम, साहेब.

आता आपण सगळे शांत बसू या. या शांततेत मला मशीनची घरघरही नको, म्हणून मी माइक बंद करतोय. बंद करायच्या आधी एकच. दोघा-तिघांनी मघाशी मला विचारलं, आत एवढा मोठा हॉल असताना सभा अंगणात, लिंबाखाली काहून घेतली? साहेबांची खुर्ची इथंच असायची. इथंच आम्ही त्यांना पुस्तकं आणून द्यायचो. गुडघे गेल्यापासून त्यांना त्या जोत्याच्या पायऱ्या चढता येत नव्हत्या.